फ्रीड्रिख फ्रोबेल

फ्रीड्रिख विल्हेल्म ऑगस्ट फ्रोबेल (२१ एप्रिल १७८२ – २१ जून १८५२) हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ आणि किंडरगार्टन, म्हणजेच बालोद्यान, या संस्थेचे जनक होत. शाळेत जाण्यापूर्वीची वर्षे शिक्षणाच्या दृष्टीने रिकामी नसतात, त्या वयातील खेळ हेच शिक्षणाचे पहिले साधन असते, हा विचार त्यांनी सुसूत्रपणे मांडला आणि प्रत्यक्षात उतरवला. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम असे जे साहित्य आज कोणत्याही बालवर्गात सहज दिसते, त्यातील बराच भाग त्यांच्या परंपरेतून आलेला आहे. १८४४ मध्ये त्यांनी आई व तान्हे मूल यांच्यासाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. चित्र पाहणे, गाणे म्हणणे आणि हाताने काही करणे या तिन्ही गोष्टी त्यात प्रत्येक पानावर एकत्र आणल्या होत्या. चित्रांच्या पुस्तकाला हस्तकृतीची जोड देण्याच्या आजच्या पद्धतीचा विचार करताना या पुस्तकाला वगळता येत नाही.

बालपण

फ्रोबेल यांचा जन्म थुरिंगिया प्रदेशातील ओबरवाइसबाख या गावी झाला. हे गाव त्या काळी श्वार्त्सबुर्ग-रुडोलश्टाट या छोट्या संस्थानात मोडत असे. वडील योहान याकोब फ्रोबेल हे लूथरपंथीय धर्मोपदेशक होते. अनेक गावांचा धार्मिक कारभार त्यांच्याकडे असल्याने घरात लक्ष घालण्यास त्यांना सवड नसे. फ्रीड्रिख नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली. १७८५ मध्ये वडिलांनी दुसरा विवाह केला. सावत्र आईने आरंभी त्यांना जवळ केले. परंतु स्वतःचा मुलगा झाल्यावर तिची माया आटली. ती त्यांना जिव्हाळ्याच्या एकेरी संबोधनाऐवजी तृतीय पुरुषात, परक्याला उद्देशून बोलावे तसे बोलू लागली, ही आठवण फ्रोबेल यांनी पुढे मायनिंगेनच्या ड्यूकसाठी लिहिलेल्या आत्मवृत्तपर पत्रात नोंदवली आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला एका सर्वनामाचा बदल इतका स्पष्ट आठवावा, यावरून त्या दुःखाची खोली कळते.

वडिलांनी त्यांना गावातील मुलांच्या शाळेत न घालता मुलींच्या शाळेत घातले. घराभोवतीची बाग व पलीकडची वनराई हेच त्यांचे सोबती झाले. थोरले बंधू क्रिस्टॉफ यांचाच काय तो आधार होता. हेझलच्या झाडावरील फुले दाखवून, वनस्पतींमध्येही नर व मादी असा भेद असतो हे क्रिस्टॉफ यांनी त्यांना समजावून दिले. माणसांच्या संसारातील कलह पाहून गोंधळलेल्या या मुलाला सृष्टीच्या नियमात प्रथमच सुसंगती दिसली. दहाव्या वर्षी, १७९२ मध्ये, श्टाटइल्म येथील मामा योहान क्रिस्टॉफ हॉफमन यांनी त्यांना आपल्या घरी नेले. मामांकडील काही वर्षे मोकळेपणाची व सुखाची गेली.

शिक्षण व भटकंतीची वर्षे

१७९७ मध्ये फ्रोबेल यांना एका वनपालाकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. वनपालाने फारसे शिकवले नाही. वनस्पती, भूमापन व गणित त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. १७९९ मध्ये ते येना विद्यापीठात गेले. तेथे दोन वर्षांतच पैसे संपले, देणे थकले आणि विद्यापीठाच्या कोठडीत त्यांना सुमारे नऊ आठवडे काढावे लागले. त्यांच्या हातचे पैसे भावाला उसने देण्यात गेले होते. १८०२ मध्ये वडील वारले. त्यानंतर वनखात्यातील कारकुनी, जमिनीची मोजणी, जमीनदाराकडील चिटणिशी अशी कामे करीत ते फिरत राहिले.

१८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्याच्या इराद्याने ते फ्रँकफर्टला गेले. तेथील आदर्श शाळेचे प्रमुख अँटोन ग्रुनर यांनी त्यांना शिक्षकाची जागा देऊ केली आणि आयुष्याची दिशा ठरली. ग्रुनर हे स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांचे अनुयायी होते. त्याच वर्षी फ्रोबेल यांनी स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे जाऊन पेस्टालॉझी यांची शाळा पाहिली. पुढे होल्त्सहाउसेन कुटुंबातील मुलांचे खासगी शिक्षक म्हणून काम करताना त्यांनी मुलांकडून जमिनीच्या तुकड्यावर बाग करून घेतली, तसेच कागद व पुठ्ठ्याच्या वस्तू करवून घेतल्या. १८०८ ते १८१० या काळात ते याच विद्यार्थ्यांसह इव्हर्डनला राहिले. वस्तू डोळ्यांसमोर ठेवून शिकवावे, हा पेस्टालॉझी यांचा आग्रह त्यांना पटला. पण तेथील विषय एकमेकांपासून सुटे पडले आहेत, असेही त्यांना जाणवले. मुलाने वस्तू पाहणे पुरेसे नाही, तिच्यावर त्याचा हात चालला पाहिजे, ही त्यांची पुढील भूमिका या काळात आकार घेऊ लागली.

१८११ मध्ये ग्योटिंगेन आणि १८१२ मध्ये बर्लिन येथे त्यांनी पुन्हा विद्यापीठीय अध्ययन केले. बर्लिनला प्राध्यापक क्रिस्टियान साम्युएल वाइस यांच्याकडे ते स्फटिकशास्त्र शिकले. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते ल्युत्सोच्या स्वयंसेवक पथकात दाखल झाले. विल्हेल्म मिडेनडोर्फ व हाइनरिख लांगेथाल हे त्यांचे जन्मभराचे सहकारी त्यांना या पथकात भेटले. युद्धानंतर ते बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात वाइस यांचे साहाय्यक झाले. स्फटिक आतून बाहेर, एका नियमाने वाढत जातो. मनुष्याची वाढही अशीच असावी, असे त्यांना वाटे. त्यांच्या पुढील शैक्षणिक साहित्यात गोल, घन व दंडगोल या आकृत्यांना जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे मूळ या अध्ययनात आहे.

काइलहाउ आणि स्वित्झर्लंड

१८१३ मध्ये क्रिस्टॉफ हे थोरले बंधू विषमज्वरासारख्या साथीत मरण पावले. त्यांच्या तीन मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा फ्रोबेल यांनी संग्रहालयातील नोकरी सोडली. नोव्हेंबर १८१६ मध्ये ग्रीसहाइम येथे त्यांनी शाळा काढली. क्रिस्टॉफ यांची तीन आणि दुसरे बंधू क्रिस्टियान यांची दोन अशी पाच पुतणी हेच पहिले विद्यार्थी होते. पुढल्या वर्षी शाळा काइलहाउ या खेड्यात हलली. १८१८ मध्ये त्यांनी बर्लिनच्या हेन्रिएटे विल्हेल्मिने हॉफमाइस्टर यांच्याशी विवाह केला. या दांपत्याला अपत्य झाले नाही.

काइलहाउची शाळा काही काळ भरभराटीला आली. अभ्यासाबरोबर शेतकाम, बांधकाम, पायी सहली यांना तेथे स्थान होते. १८२६ मध्ये त्यांचा ‘मनुष्याचे शिक्षण’ हा प्रमुख सैद्धांतिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाची भाषा इतकी अवजड व गूढ आहे, की अभ्यासू वाचकही तो सलग वाचू शकत नाही. आपला विचार उलगडून सांगण्याचे कसब फ्रोबेल यांच्याकडे नव्हते. तो त्यांच्या वस्तूंतून व खेळांतूनच नीट समजतो. याच सुमारास राष्ट्रवादी व उदारमतवादी संस्थांकडे जर्मन संस्थानिक संशयाने पाहू लागले. शाळेची सरकारी तपासणी झाली. तपासनिसाचा अहवाल अनुकूल होता, तरीही पालकांनी मुले काढून घेतली. विद्यार्थिसंख्या घटून शाळेला उतरती कळा लागली.

१८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. वार्टेनझे व विलिसाउ येथे त्यांनी शाळा चालवल्या आणि १८३५ पासून बुर्गडोर्फच्या अनाथालयाचे काम पाहिले. तेथे त्यांच्यासमोर अगदी लहान मुले होती. शाळेत येणाऱ्या मुलाच्या सवयी व मनाची घडण त्यापूर्वीच पक्की झालेली असते, तेव्हा कामाला आरंभ त्याहून आधी झाला पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली. पत्नीच्या ढासळत्या प्रकृतीमुळे ते जर्मनीस परतले. १८३९ मध्ये त्या वारल्या.

देणग्या व हस्तव्यवसाय

१८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे फ्रोबेल यांनी बालकांच्या क्रियाशील वृत्तीची जोपासना करणारी संस्था स्थापन केली. खेळण्यांचे क्रमबद्ध संच तेथे तयार होत. या संचांना त्यांनी देणग्या असे नाव दिले. पहिल्या देणगीत लोकरीने विणलेले, दोरी लावलेले सहा रंगांचे चेंडू असतात. तान्ह्या मुलाच्या मुठीत सहज मावेल अशी ही वस्तू आहे: ती मऊ असते, लोळते, झुलते, नाहीशी होते आणि पुन्हा येते. दुसऱ्या देणगीत लाकडी गोल, घन आणि पुढे त्यांच्यामध्ये आणलेला दंडगोल आहे. घनाला दोरीने टांगून गरगर फिरवले की तो दंडगोलासारखा दिसू लागतो. आकार हे एकमेकांपासून तुटलेले नसतात, हे मुलाला ऐकून नव्हे, पाहून कळते.

तिसऱ्या देणगीपासून फोड करण्यास आरंभ होतो. एक घन आठ लहान घनांत विभागलेला असतो. चौथ्या देणगीत तोच घन आठ विटांसारख्या तुकड्यांत कापलेला असतो. पाचव्या देणगीत सत्तावीस घन असून त्यांपैकी तीन अर्धे व तीन चतुर्थांश केलेले असल्याने एकूण ३९ तुकडे होतात. मुलाने पेटी उपडी करून पूर्ण घन टेबलावर उभा करायचा, मग तो मोडून रचना करायची आणि शेवटी सर्व तुकडे पुन्हा घनाच्या रूपात पेटीत ठेवायचे, असा परिपाठ असे. रचनांचे तीन प्रकार फ्रोबेल यांनी मानले: खुर्ची, जिना, पूल अशी जीवनातील रूपे, समतोल नक्षीची सौंदर्यरूपे, आणि संख्या व आकार यांचे संबंध दाखवणारी ज्ञानरूपे. त्याच आठ तुकड्यांचा सकाळी पूल होई, नंतर फूल होई आणि मग त्यांतूनच अर्धे-पाव समजे.

देणग्यांच्या जोडीला हस्तव्यवसाय होते. घडीकाम, कातरकाम, रंगीत पट्ट्यांचे विणकाम, पुठ्ठ्यावर टोचून काढलेली नक्षी, मातीकाम, तसेच भिजवलेल्या वाटाण्यांत बारीक काड्या खोचून केलेले सांगाडे यांचा त्यांत समावेश होतो. देणगी वापरून पुन्हा जशीच्या तशी ठेवता येते. हस्तव्यवसायात मात्र वस्तूचे रूप कायमचे बदलते. दोहोंतील हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

आई व मूल यांच्यासाठी सचित्र पुस्तक

देणग्या हातात येण्यापूर्वीही मुलाजवळ एक खेळणे असतेच. ते म्हणजे त्याचे स्वतःचे हातपाय. या कल्पनेवर ‘मुटर उंड कोझेलीडर’ हे पुस्तक उभे आहे. शीर्षकाचा अर्थ आईची व लाडाची गाणी असा करता येईल. १८४४ मध्ये ते ब्लांकेनबुर्ग येथून निघाले. चित्रे फ्रीड्रिख उंगर यांनी काढली व चाली रॉबर्ट कोल यांनी बांधल्या. यातील खेळगीतांची संख्या सुमारे पन्नास आहे.

पुस्तकाची मांडणी वैशिष्ट्यपूर्ण आहे. प्रत्येक खेळासाठी आईला उद्देशून एक लहान पद्य, मुलासाठी गाणे, बारीक तपशिलांनी भरलेले मोठे चित्र, हातांची ठेवण दाखवणारी आकृती आणि आईसाठी गद्य विवरण असा संच असतो. मुलाने प्रथम बोटांनी खेळावे, मग चित्रात तीच गोष्ट शोधावी आणि पुढे फिरायला गेल्यावर ती प्रत्यक्षात ओळखावी, असा क्रम अभिप्रेत आहे. चित्र हे कृतीचे बक्षीस नाही आणि कृती ही चित्राचे शेपूट नाही. दोन्ही एकमेकांवाचून अपुरी राहतात.

काही खेळांवरून ही रीत स्पष्ट होईल. पाय झाडणाऱ्या बाळाच्या तळव्यांना आई आपले तळहात लावते आणि त्याला जोर करू देते. सोबतच्या चित्रात तेलाचा घाणा आहे. बाळाचे पाय जसे आपटतात तसे तेथील मुसळ आपटते. त्या तेलावर आईचा रात्रीचा दिवा जळतो. दुसऱ्या खेळात मूल टाळ्या वाजवत भाकरी थापल्यासारखे करते, तर चित्रात भट्टीजवळ पाववाला उभा आहे. त्याच्यामागे दळणारा, त्याच्यामागे शेतकरी अशी साखळी आईने बोलता बोलता उलगडायची असते. गवत कापण्याच्या खेळात हात मागेपुढे झुलतात आणि गवतापासून गाय, गायीपासून दूध असा माग निघतो. वाऱ्याच्या दिशादर्शक कोंबड्याच्या खेळात मनगट फिरवले की हाताचा कोंबडा वळतो. चित्रात दोरीवरचे कपडे, पतंग आदी ज्या ज्या गोष्टी वाऱ्याने हलतात त्या सर्व दिसतात. वारा दिसत नाही, तो काय हलवतो ते दिसते, हे समजायला याहून सोपी वाट क्वचितच सापडेल.

पक्ष्याच्या घरट्यासाठी दोन्ही ओंजळी जुळतात, पारव्यांच्या खुराड्यासाठी हाताचा कोपरापासूनचा भाग खांब होतो, ओढ्यावरील पुलासाठी बोटे टोकाला टोक लावतात. कोळसे करणाऱ्याच्या झोपडीचा खेळ विशेष उल्लेखनीय आहे. काजळीने माखलेल्या या माणसाला मुले भितात; पण त्याच्या कोळशावाचून लोहाराची भट्टी चालणार नाही आणि मुलाच्या हातातला चमचाही घडणार नाही, हे फ्रोबेल यांनी विवरणात दाखवून दिले आहे. सुतार, लोहार, पाववाला, कोळसेवाला अशी श्रम करणारी माणसे या पुस्तकात जागोजागी आहेत आणि त्यांच्याकडे मुलाने आदराने पाहावे, ही लेखकाची इच्छा उघड आहे.

पुस्तकातील दोषही झाकण्यासारखे नाहीत. फ्रोबेल हे कवी नव्हते. पद्ये ठिकठिकाणी अडखळतात, यमकासाठी शब्द ओढूनताणून आणलेले दिसतात आणि काही विवरणांत साध्या खेळावर अध्यात्माचे मोठे ओझे लादले जाते. चित्रे मात्र सुंदर असून त्यांत थुरिंगियातील खेड्याचे तत्कालीन जीवन जतन झाले आहे. आई आठवतही नसलेल्या आणि स्वतःला मूल नसलेल्या माणसाने आईच्या मांडीवरील खेळांचा हा संग्रह केला. त्यासाठी गावोगावच्या बायकांना मुलांशी खेळताना न्याहाळणे एवढाच मार्ग त्यांना मोकळा होता. आयांना जे उपजत सुचते तेच त्यांनी गोळा करून क्रमाने मांडले, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे होते.

किंडरगार्टनची स्थापना

आपल्या संस्थेला साजेसे नाव फ्रोबेल यांना बराच काळ सुचत नव्हते. १८४० च्या वसंतात मिडेनडोर्फ व बारोप या सहकाऱ्यांसह काइलहाउहून ब्लांकेनबुर्गकडे चालत जाताना, डोंगरावरून खालचे खोरे बागेसारखे पसरलेले दिसले आणि किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव त्यांना स्फुरले, असे सांगितले जाते. २८ जून १८४० रोजी, मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवाचे निमित्त साधून ब्लांकेनबुर्गच्या नगरभवनात या संस्थेची घोषणा झाली. हे नाव त्यांनी शब्दशः घेतले होते: प्रत्येक मुलाला स्वतःचा एक वाफा आणि सर्वांचे मिळून सामाईक वाफे, अशी आखणी त्यांनी केली.

या कामासाठी त्यांनी तरुण स्त्रियांना प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. मध्यमवर्गीय जर्मन मुलींना घराबाहेर प्रतिष्ठेचा व्यवसाय मिळवून देणारी ही एक नवी वाट होती. १८४८ मध्ये रुडोलश्टाट येथील शिक्षकांच्या सभेत त्यांच्या पद्धतीवर खल झाला. तेथे पाठिंबा मिळाला तशी थट्टाही झाली.

१८४९ मध्ये ते बाड लीबेनश्टाइन येथे आले. गावातील पोरांबरोबर हात धरून नाचणाऱ्या, पांढऱ्या लांब केसांच्या या वृद्धाला तेथील लोक वेडा म्हातारा समजत. बॅरोनेस बेर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या तेथे हवापालटासाठी आल्या असता ही वदंता त्यांच्या कानी पडली, आणि कुतूहलाने त्या पाहायला गेल्या. पुढे त्याच फ्रोबेल यांच्या विचारांच्या सर्वांत प्रभावी प्रचारक ठरल्या. त्यांच्यामुळेच आडोल्फ डीस्टरवेग हे नामवंत शिक्षणतज्ज्ञही या कार्याकडे वळले. जवळच्या मारिएनथाल येथे प्रशिक्षणसंस्था सुरू झाली आणि १८५० मध्ये आल्टेनश्टाइन येथे शेकडो मुलांचा क्रीडामहोत्सव पार पडला. १८५१ मध्ये फ्रोबेल यांनी आपल्या विद्यार्थिनी व सहकारी लुइझे लेव्हिन यांच्याशी दुसरा विवाह केला.

प्रशियातील बंदी व मृत्यू

७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल फॉन राउमर यांच्या खात्याने राज्यातील किंडरगार्टनांवर बंदी घातली. किंडरगार्टन हा तरुणांना नास्तिक बनवणाऱ्या समाजवादी योजनेचा भाग आहे, असे कारण देण्यात आले. फ्रोबेल हे धर्मोपदेशकाचे पुत्र होते आणि सृष्टीतील प्रत्येक वस्तूत ईश्वरी ऐक्य पाहणारे होते. त्यांच्यावर नास्तिकतेचा आरोप यावा, हे अनाकलनीय होते. गोंधळाचे मूळ त्यांच्या पुतण्यात होते. कार्ल फ्रोबेल यांनी स्त्रियांचे उच्च शिक्षण व किंडरगार्टन यांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. त्यांचे बंधू युलियुस हे १८४८ च्या क्रांतीतील ठळक राजकीय कार्यकर्ते होते. मंत्रालयाने काका-पुतण्यांची मते एकच मानली. ज्या पाच मुलांसाठी फ्रोबेल यांनी १८१६ मध्ये नोकरी सोडून शाळा काढली होती, त्यांतच हे दोघे होते.

ही चूक फ्रोबेल यांनी शासनाच्या निदर्शनास आणून दिली आणि राजाकडेही दाद मागितली. परंतु बंदी उठली नाही. क्रांतीनंतरच्या त्या प्रतिगामी काळात नावांतील घोटाळा हे निमित्तमात्र होते. मुलांना आज्ञापालनाऐवजी स्वयंस्फूर्त कृतीची सवय लावणारी आणि स्त्रियांना घराबाहेर काढणारी कोणतीही संस्था तेव्हाच्या सत्तेला खुपलीच असती.

एप्रिल १८५२ मध्ये विद्यार्थिनींनी त्यांचा सत्तरावा वाढदिवस साजरा केला. त्यानंतर गोथा येथील शिक्षकसंमेलनात ते आले, तेव्हा संपूर्ण सभा त्यांच्या सन्मानार्थ उभी राहिली. २१ जून १८५२ रोजी मारिएनथाल येथे त्यांचे निधन झाले. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, त्यावर दंडगोल व त्यावर गोल अशी दगडी रचना आहे. म्हणजे दुसरी देणगीच तेथे दगडात उभी केली आहे. प्रशियातील बंदी १८६० मध्ये मागे घेण्यात आली.

प्रसार व टीका

बंदीमुळे काही अनुयायांनी देशाबाहेर वाट शोधली. मारेनहोल्ट्स-ब्यूलो यांनी इंग्लंड, फ्रान्स आदी देशांत व्याख्याने दिली. अमेरिकेत मार्गारेटे शुर्त्स यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे जर्मन भाषेतील, तर एलिझाबेथ पीबडी यांनी १८६० मध्ये बॉस्टन येथे इंग्रजी भाषेतील बालवर्ग काढला. १८७३ मध्ये सेंट लुईस येथे सुझन ब्लो यांनी सार्वजनिक शाळेला जोडून किंडरगार्टन सुरू केले. मातृगीतांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्यही त्यांनी केले. त्या आवृत्तीत मूळ चित्रे ठेवली. पद्ये मात्र नव्याने लिहवून घेतली, आणि ते योग्यच झाले.

बोर्डगेमसाठी प्रसिद्ध असलेल्या मिल्टन ब्रॅडली यांनी देणग्यांचे उत्पादन सुरू केल्यावर त्या सर्वत्र मिळू लागल्या. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे संच पाहिले व मुलासाठी घेतले. त्या मेपलच्या गुळगुळीत ठोकळ्यांचा ठसा आपल्या बोटांत कायम राहिल्याचे राइट यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच वर्षी जपानमध्ये टोकियो येथील महिला अध्यापक विद्यालयाला जोडून किंडरगार्टन सुरू झाले आणि युरोपीय घडीकामाची तेथील जुन्या ओरिगामीशी गाठ पडली.

मात्र प्रसाराबरोबर पद्धत गोठत गेली. देणग्यांचा क्रम, प्रत्येक क्रमातील रचना, शिक्षिकेने द्यायच्या सूचना हे सारे ठरून गेले. चाळीस मुले एकाच तालावर एकच घडी घालू लागली. खेळ या शब्दाखाली कवायत सुरू झाली. जॉन ड्यूई व स्टॅन्ली हॉल यांनी यावर टीका केली. टोचकाम व बारीक विणकाम यांमुळे मुलांच्या डोळ्यांवर व बोटांवर ताण येतो, हा आक्षेप रास्त होता. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१६ मध्ये फ्रोबेल यांच्या तत्त्वांची कठोर चिकित्सा केली. पॅटी स्मिथ हिल यांनी लहान ठोकळ्यांच्या जागी मुलाला आत शिरता येईल अशी घरे बांधता येणारे मोठे ठोकळे आणले. घन आणि गोल यांतून बालकाला विश्वाच्या ऐक्याची जाणीव होते, हे फ्रोबेल यांचे प्रतिपादन आज कोणी स्वीकारत नाही. दोष केवळ अनुयायांचा होता असेही म्हणता येणार नाही; क्रमाचा अतिरेकी आग्रह मूळ लेखनातच आहे.

भारत व महाराष्ट्र

भारतात या पद्धतीचा एक अनपेक्षित परिणाम गणितात झाला. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथे कागदाच्या घड्यांतून भूमितीचे सिद्धांत मांडणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ही कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या देणगीवरून, म्हणजे घडीच्या कागदांच्या संचावरून सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली.

महाराष्ट्राशी फ्रोबेल यांचा संबंध पंडिता रमाबाई यांच्यामार्फत आला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या व पुढे अमेरिकेत राहिल्या. त्या काळात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले. ही पद्धत हिंदुस्थानातील विधवांना शिकवता येईल आणि त्यांना शिक्षिकेचा स्वावलंबी व्यवसाय मिळेल, असा त्यांचा विचार होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या आणि पुढील वर्षी पुण्यास हलवलेल्या शारदा सदनातील शिक्षणात त्यांनी या पद्धतीला स्थान दिले.

विसाव्या शतकात महाराष्ट्र व गुजरातमधील बालशिक्षणावर मारिया माँटेसरी यांचा प्रभाव अधिक पडला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. तरी बालवाडी हा मराठी शब्द किंडरगार्टनला अगदी जवळचा आहे. वाडी म्हणजे घराजवळची राखलेली बाग, हा अर्थ कोकणात आजही जिवंत आहे. आईने तळहातावर मोर बसवण्याचा वा बोटांना नावे देत करंगळीपासून अंगठ्यापर्यंत जाण्याचा मराठी घरांतील खेळ आणि फ्रोबेल यांचे बोटांचे खेळ यांचे नाते सहज ध्यानात येते. १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केले. तेथे महागड्या लाकडी संचांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे अशा परिसरातच मिळणाऱ्या वस्तू हाताळून मुले मोजू, जुळवू व रचू लागली.